झाकणावरचा विस्तव

डच ओव्हन पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर त्याच्या पायांकडे जाते. बिडाचं जाड, काळं, सपाट बुडाचं पातेलं, त्याला खाली बोटाच्या दोन पेरांएवढे तीन पाय आणि उचलायला जाड तारेची कडी. पण या भांड्याचा सगळा जीव झाकणात आहे. झाकण जवळजवळ सपाट असतं आणि त्याच्या भोवताली जेमतेम अर्ध्या इंचाची उभी कड फिरवलेली असते. त्या कडेमुळे झाकणावर रसरशीत निखारे मांडता येतात, भांडं फिरवलं तरी ते घरंगळत नाहीत आणि झाकण सरळ उचललं तर राख पदार्थात पडत नाही. एवढीशी कड, पण तिच्यामुळे पातेल्याची भट्टी होते. खाली विस्तव, वर विस्तव आणि मध्ये तापलेल्या बिडाच्या भिंतींत कोंडलेली हवा. त्या हवेत पाव फुगतो, केकला वरून तांबूस रंग चढतो, अख्खी कोंबडी भाजून निघते. वीज लागत नाही, गॅस लागत नाही, घरसुद्धा लागत नाही.

दुकानात याच नावाने आणखी एक भांडं मिळतं. त्याला पाय नसतात, वर रंगीत मुलामा असतो, झाकण घुमटासारखं फुगीर असतं. ते फ्रान्सच्या वळणाचं, घरातल्या शेगडीवर आणि विजेच्या ओव्हनमध्ये वापरायचं भांडं आहे. ल क्रूझे ही कंपनी अशी भांडी १९२५ पासून बनवते आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जिम लेही या पाववाल्याची न मळता करायच्या पावाची कृती छापून आली आणि घरोघरी लोक अशा भांड्यात पाव भाजू लागले. ते भांडं गुणी आहे, पण या पुस्तकाचा विषय ते नाही. फुगीर, गुळगुळीत झाकणावर निखारा ठरत नाही, आणि पाय नसल्यामुळे बुडाखाली निखाऱ्यांना जागाही राहत नाही. हे पुस्तक पायांच्या आणि कडेच्या भांड्याबद्दल आहे, ज्याला इंग्रजी मुलखात कॅम्प डच ओव्हन म्हणतात.

हे भांडं मी पहिल्यांदा अमेरिकेच्या पश्चिम भागात, यूटा राज्यात वापरताना पाहिलं. तिथे ते नुसतं भांडं राहिलेलं नाही. १९९७ मध्ये यूटाने डच ओव्हनला कायद्याने राज्याचं अधिकृत स्वयंपाकाचं भांडं ठरवलं, आणि २००५ मध्ये टेक्सासनेही तेच केलं. तिथल्या सार्वजनिक जेवणावळींत आठ-दहा भांडी ओळीने मांडलेली असतात, एकावर एक रचलेलीसुद्धा असतात, म्हणजे खालच्याच्या झाकणावरचे निखारे वरच्याच्या बुडाला कामी येतात. मला त्यात सगळ्यात विलक्षण वाटलं ते रांधणाऱ्यांचं बोलणं. ते आच मंद की मोठी असं बोलत नव्हते. ते मोजत होते. वर किती, खाली किती.

मला जे सांगायचं आहे ते या मोजण्यातच आहे. गॅस आल्यापासून आपण आच फक्त कमी-जास्त करतो. ती नेहमी खालूनच येते आणि तिची जागा शेगडी बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेली असते. डच ओव्हनच्या स्वयंपाकात उष्णता हातात घेऊन, जागा ठरवून ठेवायची असते. मीठ कुठल्या पदार्थात किती, तसा विस्तव कुठे किती. ही विद्या शिकता येते, शिकवता येते, आणि आपल्याकडच्या चुली-शेगडीच्या स्वयंपाकात ती होतीच. ती विसरली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पुस्तक.

आता वर जास्त निखारे आणि खाली कमी, असं का? बुडाशी पदार्थ थेट बिडाला टेकलेला असतो, त्यामुळे खालची उष्णता त्याला लगेच लागते आणि थोडी जास्त झाली की पदार्थ करपतो. झाकण आणि पदार्थ यांच्यात मात्र दोन-तीन इंच हवा असते. झाकण आधी स्वतः तापतं, मग त्याची धग खाली उतरते. त्यातच वरच्या निखाऱ्यांची बरीचशी ऊब उघड्या हवेत निघून जाते. म्हणून भाजायच्या पदार्थाला वर जवळजवळ दुप्पट निखारे लागतात. रस्सा, उसळ, आमटी शिजवायची असेल तर हे प्रमाण उलटतं. तिथे बहुतेक विस्तव खाली हवा, वर नावापुरता. मांस भाजायचं असेल तर वर-खाली साधारण सारखा.

अमेरिकेत यासाठी एक सोपं गणित पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तिथला कोळसा एकाच मापाच्या दाबीव वड्यांचा असतो. भांड्याचा व्यास इंचात जितका, त्यात तीन मिळवून तितक्या वड्या वर आणि तीन वजा करून तितक्या खाली. १२ इंची भांड्याला वर १५, खाली ९. शांत हवेत आत साधारण ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १७५ अंश सेल्सिअस तापमान मिळतं. केक, पाव, भाजलेले बटाटे सगळे या तापमानाला होतात. आणखी दोन वड्या वाढवल्या की आतलं तापमान सुमारे १४ अंश सेल्सिअसने चढतं.

गणित इतकं सोपं, पण मांडणी चुकली तर ते कोसळतं. बीड उष्णता पसरवण्यात मंद आहे; ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची गती चौथ्या-पाचव्या हिश्श्याची. निखाऱ्यांचा ढीग बुडाच्या मध्यभागी लावला तर तेवढीच जागा लाल होते आणि कडेचं पीठ कच्चं राहतं. म्हणून खालचे निखारे बुडाच्या कडेकडेने गोल मांडायचे आणि मधली जागा मोकळी सोडायची. वर कडेला लागून एक फेर आणि मध्ये दोन-चार. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला फिरवायचं आणि झाकण पाव फेरा उलट दिशेला, म्हणजे एखादा निखारा जास्त तापट निघाला तरी त्याचा राग एकाच जागेवर निघत नाही. तेच मंद बीड एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. १२ इंची भांडं झाकणासकट नऊ किलोंच्या आसपास भरतं. एवढं वजन थंड व्हायला वेळ लागतो, आणि विस्तव काढल्यावरही जेवण बराच वेळ गरम राहतं.

हे बीड इतकं गुळगुळीत आणि स्वस्त झालं कसं, त्यामागे इंग्लंडमधल्या एका पितळकाम करणाऱ्याची चिकाटी आहे. अब्राहम डार्बी हा क्वेकर पंथाचा माणूस ब्रिस्टलला पितळेची भांडी बनवी. १७०४ मध्ये तो नेदरलँड्सला जाऊन तिथलं काम पाहून आला. डच कारागीर पितळेची भांडी कोरड्या वाळूच्या साच्यात ओतत होते. इंग्लंडमध्ये लोखंडी भांडी चिकणमातीच्या साच्यात ओतली जात. तो साचा दर भांड्यामागे फोडावा लागे, भांडं जाड आणि खरबरीत निघे आणि महाग पडे. डार्बीने बिडासाठी वाळूचा साचा बसवला आणि १७०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकच नमुना वाळूत पुन्हा पुन्हा दाबायचा, प्रत्येक वेळी तसंच भांडं. पुढे १७०९ मध्ये श्रॉपशरमधल्या कोलब्रुकडेल गावी त्याने लाकडी कोळशाऐवजी कोकवर लोखंड वितळवून दाखवलं. जगातल्या औद्योगिक क्रांतीचा इतिहास या गावाला वळसा घालून जाऊ शकत नाही. सेव्हर्न नदीवरचा १७७९ चा प्रसिद्ध लोखंडी पूल याच डार्बीच्या नातवाने उभारला. पण त्याच्या आधी आणि नंतरही या घराण्याचा रोजचा माल होता तो स्वयंपाकाची भांडी. वाळूच्या साच्याचं हे तंत्र आपल्याकडे पाहायचं असेल तर फार लांब जायला नको. कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये वाहनांचे सुटे भाग आजही वाळूतच ओतले जातात.

अटलांटिकपलीकडे ही भांडी वसाहतीच्या घरांत गेली. तेव्हा अमेरिकेत भिंतीतल्या उघड्या चुलाण्यात स्वयंपाक व्हायचा. निखारे फावड्याने पुढे ओढायचे, त्यावर पायांचं भांडं ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. बिडाच्या भांड्यांचं मोल किती होतं, याचा एक पुरावा जॉर्ज वॉशिंग्टनची आई मेरी वॉशिंग्टन हिच्या १७८८ च्या मृत्युपत्रात आहे. तिने आपली लोखंडी स्वयंपाकाची भांडी अर्धी नातवाला आणि अर्धी नातीला अशी नाव घेऊन वाटून दिली. त्याच कागदावर गुलाम माणसंही नाव घेऊन वाटून दिलेली आहेत. व्हर्जिनियातल्या अशा घरांत त्या चुलाण्यांपुढे रोज उभे राहणारे, निखारा पाहून भट्टीचा अंदाज बांधणारे हात बहुतेक त्या गुलाम स्वयंपाक्यांचेच होते. या भांड्याचं कौतुक करताना ती गोष्ट गाळली तर कौतुक खोटं होईल.

मग हे भांडं घराबाहेर पडलं. वायव्येकडे, पश्चिमेकडे सरकणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांत ते गेलं, आणि १८६६ मध्ये त्याला त्याची सगळ्यात प्रसिद्ध जागा मिळाली. टेक्सासचा चार्ल्स गुडनाइट ऑलिव्हर लव्हिंगबरोबर हजारो गुरांचा कळप न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरकडे हाकत नेणार होता. वाटेत महिनोन्‌महिने माणसांना जेवू घालायचं होतं. गुडनाइटने लष्कराच्या वापरातली एक दणकट गाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला कप्प्याकप्प्यांचं कपाट बसवलं. त्या कपाटाचं दार आडवं उघडलं की खाली पाय लावून त्याचं टेबल होई. ही चकवॅगन. कपाटात पीठ, घेवडा, कॉफी, मीठ, खारवलेलं डुकराचं मांस. बाजूला पाण्याचं पिंप आणि आंबवलेल्या पिठाचा छोटा डबा. बिडाची भांडी वेगळ्या खोक्यात.

चकवॅगनचा स्वयंपाकी तांबडं फुटायच्या कितीतरी आधी उठायचा. जाळ करून त्याचे निखारे पडेपर्यंत थांबायचा, आंबलेल्या पिठाच्या बिस्किटांचे गोळे भांड्यात दाटीने बसवायचा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. ही बिस्किटं म्हणजे गोड कुरकुरीत चीज नव्हे. छोटे मऊ पाव. घोडेस्वारांपेक्षा या माणसाला बहुधा जास्त पगार असे, आणि त्याच्या गाडीभोवती त्याचाच कायदा चाले. वाऱ्याच्या बाजूने घोडा दौडवत यायचं नाही, धूळ भांड्यांत जाते. जिथे मैलोन्‌मैल झाड नाही अशा गवताळ प्रदेशात जळण म्हणून वाळलेलं शेण वेचायचं आणि गाडीच्या पोटाखाली ताणलेल्या कातड्याच्या झोळीत साठवायचं. शेणी-गोवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या आपल्या आज्यांना टेक्सासच्या त्या स्वयंपाक्याची अडचण आणि तोड दोन्ही लगेच कळली असती.

कोळशाच्या वड्या त्या मानाने अलीकडच्या. त्यांचं पेटंट पेनसिल्व्हेनियातल्या एल्सवर्थ झ्वॉयरने १८९७ मध्ये घेतलं, पण त्या घरोघरी पोचल्या हेन्री फोर्डमुळे. मोटारींच्या लाकडी भागांसाठी मिशिगनमध्ये त्याने गिरणी उघडली होती. तिथे लाकडाचे तुकडे आणि भुसा यांचे डोंगर साठत. १९२० च्या दशकात त्याने त्या टाकाऊ मालाचा कोळसा करून, दाबून वड्या विकायला काढल्या. सुरुवातीला चक्क मोटारींच्या दुकानांतून. तो व्यवसाय पुढे किंग्सफर्ड या नावाने चालू राहिला. वड्या आल्या आणि निखाऱ्याला माप आलं. निखारा पाहून सांगायची गोष्ट आता मोजून सांगता येऊ लागली. नवशिक्याला शिकवण्याच्या दृष्टीने हा बदल मला फार मोठा वाटतो. भांड्यांच्या बाबतीत तेवढा बदल झाला नाही. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावी जोसेफ लॉजने १८९६ मध्ये सुरू केलेलं ओतकाम त्याच घराण्याकडे अजून चालू आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीचं भांडं शेजारी ठेवलं तर फरक शोधावा लागतो.

वर-खाली विस्तव ही युक्ती एकट्या अमेरिकेची नाही. ऑस्ट्रेलियात गुराख्यांनी कॅम्प ओव्हनमध्ये डॅम्पर नावाचा पाव भाजला, आणि घोड्यावरून नेताना बीड फुटतं म्हणून क्वीन्सलँडच्या बेडूरी भागात त्याचा पोलादी पत्र्याचा अवतार निघाला. दक्षिण आफ्रिकेतली पोइकी तीन पायांची, पण गोल पोटाची, मंद रस्स्यांसाठी. क्रोएशियात पेका नावाचं घंटेसारखं झाकण मांसावर पालथं घालून त्यावर निखारे लोटतात.

आणि आपल्याकडे? कोकणात तवसाचं गोड तवसाळं किंवा धोंडस करायचं तर पातेलं चुलीवर मंद विस्तवावर ठेवून झाकणावर निखारे घालायचे, हीच जुनी रीत. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर ओतायचा आणि नारळाच्या सोडणांचा विस्तव वर ठेवून तो वरूनच भाजायचा, मग पुढचा थर. खालून आच लावून बेबिंका होतच नाही. बिर्याणीला दम देताना झाकण कणकेने लिंपून त्यावर निखारे ठेवणारे आचारी अजून आहेत. अलिबागकडची पोपटी तर याहून साधी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं पालथं घालून त्याच्या सगळ्या अंगांनी जाळ करायचा. पाणी एक थेंब नाही. बंदिस्त भांड्याला चहूबाजूंनी उष्णता द्यायची ही समज आपल्या मातीत मुरलेली होती. गॅस घरात आला आणि झाकणावर ठेवायला निखाराच उरला नाही. पुढे केक करायला विजेचा ओव्हन आला, तेव्हा ती नवीन विद्या आहे असं आपल्याला वाटलं. तवसाळं कुकरमध्ये होऊ लागलं. वरून रंग धरलेलं, कडा किंचित कडक, आत ओलसर असं तवसाळं कितीतरी घरांत आता कुणी खाल्लेलंच नाही.

म्हणून या पुस्तकासाठी कृती करून पाहताना तवसाळ्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला. १० इंची भांडं घ्यायचं. जून झालेलं तवसं किसून, पाणी न टाकता, त्यातच तांदळाचा जाडसर रवा, चिरलेला गूळ, ओलं खोबरं, मीठ, वेलची. रवा भिजायला वेळ द्यायचा. भांड्याच्या बुडाला आणि कडेला तूप लावून हळदीची पानं अंथरायची. पानं सुवासासाठी तर आहेतच, पण वितळलेला गूळ थेट बिडाला भिडून जळू नये यासाठी जास्त. गुळाच्या पदार्थाला मी खाली ठरल्यापेक्षा एक निखारा कमी ठेवते, म्हणजे १० इंचीला खाली ६ आणि वर १३. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही, नुसतं फिरवायचं. नाक हेच इथलं घड्याळ आहे. आधी ओल्या रव्याचा वास येतो, मग हळदीच्या पानाचा, आणि शेवटी गूळ आणि खोबरं एकत्र भाजल्याचा खमंग वास कडेतून बाहेर पडतो. तो आला की झाकण उघडायची वेळ. आधी झाकणावरची सैल राख फुंकून घ्यायची, मग झाकणाच्या कडीत लोखंडी आकडा अडकवून ते तसूभरही न कलवता सरळ वर उचलायचं आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला धरायचं. मध्ये सुरी खुपसून पाहायची. ती कोरडी आली पण वर रंग नसेल तर खालचे सगळे निखारे काढून वर चढवायचे. पाच-सात मिनिटांत वरचा थर तांबूस होतो. ही शेवटची सोय गॅसवरच्या कुठल्याही पातेल्यात नाही.

बिडाची निगा हा अनेकांना धास्ती घालणारा विषय. खरं तर ज्या घरात घावनांचा बिडाचा तवा आहे, त्या घराला यात नवीन शिकण्यासारखं थोडंच आहे. तेलात बुडवलेला अर्धा कांदा तव्यावर फिरवणारी बाई जे करत असते, तेच इथे करायचं. तेलाचा अगदी पातळ हात देऊन बीड खूप तापवलं की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक, काळा, चकचकीत थर होतो. तो धुतला तरी जात नाही. या थरावर पदार्थ चिकटत नाही आणि बिडाला गंज चढत नाही. जाड थर द्यायची घाई केली तर तो चिकट राहतो. पातळ थर, पुन्हा तापवणं, असं दोन-तीनदा. साबण लावू नये ही समजूत जुन्या काळच्या तिखट साबणांमुळे पडली. भांडी घासायच्या आजच्या सौम्य साबणाने काही बिघडत नाही. बिघडतं ते भिजत ठेवल्याने. टोमॅटो, चिंच, कोकम यांचा आंबट रस्सा नव्या भांड्यात तासन्‌तास उकळला तरी थर उतरतो. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही: तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतायचं नाही. बिडात कार्बन जास्त असल्याने ते कडक असलं तरी ठिसूळ असतं. एका बाजूने झटकन आक्रसलं की तडकतं. तडकलेलं बीड सांधणं सोपं नाही.

वजन जमत नसेल तर ॲल्युमिनियमचं डच ओव्हन मिळतं. नदीतून रबरी नावांनी जाणारे लोक तेच नेतात, कारण ते बिडाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं. ते लवकर तापतं, लवकर निवतं, आणि भरपूर निखाऱ्यांवर रिकामं ठेवलं तर वितळूही शकतं. पाठीवर सामान घेऊन सह्याद्रीत फिरणाऱ्यांना मात्र मी दोन्ही नेऊ नका असंच सांगेन. हे भांडं बैलगाडीच्या काळात मोठं झालं, त्याला आजही गाडीची डिकी हवी. शेतावर, अंगणात, नदीकाठी, गाडी जाईल तिथे ते शोभतं.

आपल्याकडे एक अडचण कोळशाची. बाजारात मिळणारा लाकडी कोळसा ओबडधोबड असतो. एक तुकडा मुठीएवढा, दुसरा बोराएवढा. तो वड्यांपेक्षा लवकर पेटतो, जास्त तापतो आणि लवकर विझतो. त्याला वर-खालीचं गणित लागू पडत नाही. तिथे मी वजनावर जाते: आधी वड्या तोलून घ्यायच्या, मग त्या वजनापेक्षा थोडा कमी कोळसा घ्यायचा, तुकडे सारखे फोडून. करवंटीच्या कोळशाच्या दाबीव वड्या मिळाल्या तर उत्तमच. त्या दाट असतात आणि बराच वेळ टिकतात. वारा सुटला तर निखारा भराभर जळतो आणि भांड्याची एक बाजू जास्त तापते. अशा वेळी गणित बाजूला ठेवून आडोसा शोधायचा. पावसाळी दमट हवेत वेळ वाढतो, आणि उंचावर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने डाळी, कडधान्यं हट्टी होतात. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला, १,६०० मीटरवर, पाणी ९५ अंशांनाच उकळतं. भाजण्याच्या पदार्थांना याची झळ कमी बसते. राजमा मात्र रात्रभर भिजवूनच न्या.

विस्तवाची धास्ती बाळगल्याशिवाय या स्वयंपाकाला हात घालू नये. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो. तंबूत, गाडीत, बंद बाल्कनीत, पाऊस आला म्हणून आत ओढून, कधीही नाही. अमेरिकेच्या पश्चिमेत उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने कितीतरी ठिकाणी कोळशालाही बंदी येते. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी निघण्यापूर्वी त्या त्या उद्यानाचे नियम पाहावेत. आपल्याकडे जंगलाच्या हद्दीत आणि संरक्षित किल्ल्यांवर विस्तव करायचा नाही, आणि मार्च ते मे वाळल्या गवताजवळ कुठेच नाही. निखारे पत्र्याच्या तबकात किंवा उघड्या मातीवर मांडावेत. राख वरून निवलेली दिसली तरी आत तासन्‌तास धगधगत असते. तिच्यावर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून हात लावता येईल इतकी गार करावी. भांडं तेवढं त्या पाण्यापासून लांब असू द्यावं.

पुस्तकाची मांडणी मी विस्तवाच्या अवघडपणाप्रमाणे केली आहे. पदार्थांचे नेहमीचे वर्ग इथे सापडणार नाहीत. आधी खालच्याच विस्तवावर होणारे पदार्थ: मटकीची उसळ, घेवड्याचा रस्सा, मटण. मग वर-खाली सारखा विस्तव लागणारे: यूटाच्या पद्धतीचे कांदा-बटाटे, अख्खी कोंबडी, भरली वांगी. त्यानंतर वर जास्त लागणारे: पाव, मक्याचा पाव, पीच घालून केलेला कॉब्लर, तवसाळं. आणि अगदी शेवटी बेबिंका, कारण फक्त वरच्या विस्तवावर थरामागून थर भाजायला हात बसलेला असावा लागतो. तळणाचे पदार्थ मुद्दाम घेतलेले नाहीत. उघड्या निखाऱ्यांवर तीन पायांच्या भांड्यात उकळतं तेल, आणि आजूबाजूला धावणारी मुलं, हा धोका पत्करण्याइतकी कुठलीही भजी मोलाची नाहीत.

प्रत्येक कृतीत निखाऱ्यांची संख्या दोन आकड्यांत दिली आहे, आधी वरची, मग खालची, आणि शेजारी अर्धं पान कोरं ठेवलं आहे. तिथे आपल्या कोळशाची जात, वारा होता की नव्हता, किती वेळ लागला, हे पेन्सिलीने लिहून ठेवावं. माझे आकडे माझ्या भांड्याचे आणि माझ्या कोळशाचे आहेत. चार-सहा वेळा केल्यावर त्या कोऱ्या जागेतले आकडे वापरावेत, छापलेले नव्हेत.